सिनेबेंच पास, तरी आठवड्यातून एकदा काळी स्क्रीन: ओव्हरक्लॉक केलेला रायझन ५६००एक्स स्थिर कसा करायचा

प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला, की येणाऱ्या या दुखण्याची लक्षणं बहुतेकांची सारखीच असतात. बी५५० मदरबोर्ड, एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या पानावर) पीबीओ (प्रोसेसरला ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ देणारी सोय) चालू, कर्व्ह ऑप्टिमायझरला (कोअरला मिळणारं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग) प्रोसेसरच्या सगळ्या कोअरना सरसकट उणे ३० आणि रॅमचं एक्सएमपी प्रोफाइलही (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी तयार सेटिंग) चालू. सिनेबेंच ही वेग मोजणारी चाचणी झकास चालते, स्कोअर वाढलेला दिसतो. प्रोसेसरला ताण देणारं प्राईम९५ तासभर लावून ठेवलं तरी मशीन हलत नाही. मग एखाद्या संध्याकाळी यूट्यूब चालू असताना, किंवा नुसता डेस्कटॉप समोर असताना, स्क्रीन काळी होते आणि पीसी आपोआप रीस्टार्ट होतो. ब्लू स्क्रीन नाही, कसला मेसेज नाही. पुढे काही दिवस सगळं सुरळीत, आणि पुन्हा तेच.

इथे संशय आधी विंडोजवर जातो, मग ग्राफिक्स ड्रायव्हरवर, मग एसएमपीएसवर (पीसीच्या पॉवर सप्लायवर). लोक विंडोज नव्याने टाकतात, काही जण नवा एसएमपीएसही आणतात. कृपया तसं करू नका. एवढा जोर दिला तरी न पडणारं मशीन आरामात असताना पडतं, हाच सगळ्यात मोठा पुरावा आहे, आणि तो बहुतेक वेळा कर्व्ह ऑप्टिमायझरकडे बोट दाखवतो.

जड कामात नाही, हलक्या कामात का पडतं?

५६००एक्सचा बेस क्लॉक ३.७ गिगाहर्ट्झ आणि बूस्ट ४.६ गिगाहर्ट्झ. सहाही कोअर एकदम राबतात तेव्हा प्रोसेसर ७६ वॉटच्या मर्यादेला भिडतो आणि वेग आपसूक खाली ठेवतो. त्या वेगाला लागणारं व्होल्टेज कमी असतं, म्हणून उणे ३० देऊनही हाताशी थोडी सूट उरते. ब्राउझरमध्ये एक टॅब उघडला की चित्र उलटं होतं. काम एकाच कोअरवर, तापमान कमी, वॉट भरपूर शिल्लक, त्यामुळे तो एक कोअर क्षणभर थेट ४.६ च्या वर उडी मारतो. नेमकं याच टोकाला त्याला पुरेपूर व्होल्टेज लागतं आणि आपण नेमकं तेच कापलेलं असतं.

कर्व्ह ऑप्टिमायझरचा एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. उणे ३० म्हणजे जवळपास ९० ते १५० मिलिव्होल्टची कपात. ती सहाही कोअरना सारखीच मानवेल असं गृहीत धरणं हीच मुळातली चूक. एकाच चिपवरचे कोअर एकसारखे नसतात. त्यात आणखी एक गोष्ट नवख्यांना उलटी वाटते: एएमडीच्या रायझन मास्टर या सॉफ्टवेअरमध्ये ज्या कोअरवर चांदणी दिसते, म्हणजे जे सगळ्यात चांगले ठरवलेले असतात, त्यांनाच सहसा सगळ्यात कमी कपात झेपते. कंपनीने त्यांचं व्होल्टेज आधीच घट्ट बसवलेलं असतं, शिवाय हलकी कामं विंडोज त्यांच्याकडेच पाठवतं.

आता सिनेबेंच किंवा प्राईम९५ सगळ्या कोअरवर चालवून ही चूक का सापडत नाही ते कळेल. त्या चाचण्या प्रोसेसरला त्या उंच टोकापर्यंत जाऊच देत नाहीत.

आधी मशीन मूळ सेटिंगवर आणा

शोध सुरू करण्यापूर्वी कामाच्या फायलींची कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा. अस्थिर प्रोसेसर, आणि त्याहून जास्त अस्थिर रॅम, चुकीचा डेटा डिस्कवर लिहू शकते, आणि ते लगेच लक्षात येत नाही. लग्नाचं एडिटिंग, टॅलीचा डेटा, प्रबंध असं काही त्या मशीनवर असेल तर हे काम आजच उरका.

मग बायोसमध्ये जाऊन डिफॉल्ट सेटिंग लोड करा. पीबीओ बंद, कर्व्ह शून्य, एक्सएमपीसुद्धा बंद. रॅम २१३३ किंवा २४०० वर धावेल, धावू द्या. पूर्वी ज्या अंतराने रीस्टार्ट होत होता त्याच्या दुप्पट काळ मशीन असंच वापरा. या स्थितीतही रीस्टार्ट झाला तर दोष ओव्हरक्लॉकमध्ये नाही आणि पुढची निम्मी पोस्ट तुमच्या कामाची नाही. रॅमच्या काड्या, एसएमपीएस, कूलरची बसणी आणि घरची वीज बघा. रीस्टार्ट थांबला तर एक्सएमपी परत चालू करा, पण एकटंच. पुन्हा काही दिवस. त्यानंतरच पीबीओ आणि कर्व्ह. दोन गोष्टी एका वेळी बदलल्या की कोणती नडली ते कळायला मार्ग उरत नाही.

इव्हेंट व्ह्यूअर काय सांगतो

विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. रीस्टार्टच्या वेळेच्या आसपास लाल खुणेची कर्नल-पॉवर ४१ ही नोंद जवळजवळ नक्की सापडेल. तिच्यावर तासन्‌तास शोध घेण्यात अर्थ नाही. मशीन नीट बंद न होता बंद पडलं एवढंच ती सांगते. कारण सांगत नाही. शोधायची असते ती हार्डवेअरच्या चुका सांगणारी व्हिया-लॉगर (WHEA-Logger) नावाची नोंद.

माझ्या भाच्याच्या मशीनलाही हाच त्रास होता, त्यावर ती अशी होती: व्हिया-लॉगर, इव्हेंट आयडी १८, खाली ‘कॅश हायरार्की एरर’ आणि त्याखाली ‘प्रोसेसर एपीआयसी आयडी: ७’. मागच्या महिन्याभरातल्या नोंदी उघडल्या तर कधी ६, कधी ७, तिसरा आकडाच नाही. ५६००एक्सच्या प्रत्येक कोअरला दोन थ्रेड असतात, आणि या चिपवर हे आयडी सहसा ० ते ११ असे ओळीने येतात. म्हणून आकड्याला दोनने भागायचं आणि बाकी सोडून द्यायची. ६ आणि ७ दोन्हींचं उत्तर ३. बायोसमध्ये कोअर शून्यापासून मोजले जातात, म्हणजे तिथला ‘कोअर ३’ गुन्हेगार. रायझन मास्टरमध्ये चांदणीही त्याच कोअरवर होती. त्या एका कोअरची कपात उणे ३० वरून उणे १२ वर आणली, बाकीच्यांची थोडी कमी केली आणि महिन्याभराचा त्रास तिथेच थांबला. भाच्याने तोवर एसएमपीएसची ऑर्डर जवळजवळ दिलीच होती.

तुमच्या नोंदीत ‘कॅश हायरार्की एरर’ असेल आणि तोच तोच कोअर येत असेल, तर ढोबळ नियम असा की कोअरला व्होल्टेज कमी पडतंय. ‘बस/इंटरकनेक्ट एरर’ असेल तर संशय रॅमचा वेग आणि प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणाऱ्या इन्फिनिटी फॅब्रिककडे वळवा. आयडी १९ म्हणजे चूक झाली पण हार्डवेअरने ती सावरली. मशीन पडलं नाही म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. तसं करू नका, पुढच्या रीस्टार्टची ती आगाऊ सूचना असते. आणि ‘मेमरी मॅनेजमेंट’ किंवा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ असे ब्लू स्क्रीन आलटून पालटून येत असतील तर आधी रॅमच तपासा.

व्हियाची नोंदच नाही, नुसती ४१ आहे, अशी अवस्था असेल तर थोडं बाहेर बघावं लागतं. त्याबद्दल पुढे लिहितो, कारण आपल्याकडे तो प्रकार बराच दिसतो.

कोअरनिहाय कर्व्ह बसवणं

या कामाला कोअरसायकलर हे फुकट साधन वापरा. ते प्राईम९५ एका वेळी एकाच कोअरवर चालवतं आणि पाळीपाळीने पुढे जातं. मूळ सेटिंगमध्ये ते एसएसई प्रकारची गणितं वापरतं. ती तुलनेने हलकी असल्यामुळे कोअर पूर्ण बूस्टला पोचतो. आपल्याला नेमकं तेच हवंय. रात्री लावून झोपा.

बायोसमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, एएमडी ओव्हरक्लॉकिंग, प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, मग कर्व्ह ऑप्टिमायझर असा रस्ता असतो. बोर्डानुसार नावं थोडी बदलतात. तिथे ‘ऑल कोअर’ सोडून ‘पर कोअर’ निवडा. चांदणीवाल्या कोअरना उणे ५, बाकीच्यांना उणे १० पासून सुरुवात करा. बूस्ट वाढवणारा २०० मेगाहर्ट्झपर्यंतचा ओव्हरराइड शून्यावरच ठेवा. तो आणि कर्व्ह एकत्र हलवले की गोंधळ वाढतो.

सकाळी एखाद्या कोअरसमोर ‘राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४’ असा संदेश दिसला की समजा, त्या कोअरने गणितात चूक केली. मशीन पडलेलं नसतं, तरी उत्तर चुकलेलं असतं. त्या कोअरचा आकडा शून्याकडे ३ ते ५ ने सरकवा. जो कोअर रात्रभर साफ राहिला त्याला उलट दिशेने तेवढंच पुढे न्या. चाचणीच्या मधेच मशीन रीस्टार्ट झालं तर कोअरसायकलरच्या लॉगमध्ये शेवटचा कोअर कोणता चालू होता ते बघा. काही चिपवर एखाद्या कोअरला उणे २ देखील सोसत नाही, तर शेजारचा उणे ३० वर मजेत धावतो. त्यात चिप खराब असं काही नाही.

सगळे कोअर पार पडले की प्रत्येकाचा आकडा शून्याकडे दोन-तीनने परत आणा. चाचणीत जेमतेम टिकणारी सेटिंग रोजच्या वापरात टिकतेच असं नाही, कारण रोजच्या वापरात कोअर सेकंदाला कितीतरी वेळा झोपतो आणि उठतो, आणि ते झोपणं-उठणं कुठलीही चाचणी तंतोतंत करत नाही. मग दोन-तीन दिवस नेहमीसारखं वापरा, मशीन रिकामं चालू ठेवा, स्लीपला टाकून उठवा, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १८ आणि १९ दोन्ही शोधा.

एचडब्ल्यूइन्फो६४ हे मशीनचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून त्यातल्या ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ या रकान्याकडेही लक्ष द्या. कोअरवर पूर्ण भार असताना वरचा क्लॉक ४.६ दिसतो आणि इफेक्टिव्ह बराच खाली असतो, असं झालं तर व्होल्टेज अपुरं पडून प्रोसेसर आतल्या आत वेळ खातोय. अशा मशीनवर तापमान कमी दिसतं, स्कोअरही कमी येतो, आणि मालकाला वाटतं ट्यूनिंग छान झालं.

रॅमची बाजू

‘मी प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलेलाच नाही, फक्त एक्सएमपी चालू केलं’ असं बरेच जण सांगतात. प्रोसेसरच्या आतला मेमरी कंट्रोलर त्या वेगाने पळायला लागतो, म्हणजे तोही ओव्हरक्लॉकच. ५६००एक्सचा अधिकृत वेग डीडीआर४-३२०० आहे. ३६०० ची रॅम लावली तर फॅब्रिक १८०० मेगाहर्ट्झवर जोडीने चालायला हवं, आणि बहुतेक चिपना ते जमतं. त्याच्या पुढे जाऊन ‘बस/इंटरकनेक्ट’च्या नोंदी यायला लागल्या तर व्होल्टेजशी झगडत बसू नका, ३६०० वर परत या. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन जोड्या मिळून चार काड्या लावल्या असतील तर ३२०० वरही अडचण येऊ शकते.

मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालवा आणि चारही फेऱ्या पुऱ्या होऊ द्या. एकही चूक चालणार नाही.

नुसतीच ४१ ची नोंद: घरची वीज, यूपीएस, इन्व्हर्टर

लाइट गेल्यावर यूपीएस बॅटरीवर जाण्याच्या क्षणी मशीन बंद पडतं, आणि दोष ओव्हरक्लॉकला लागतो. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर आणि पीबीओने वाढवलेला प्रोसेसर मिळून एखाद्या क्षणी तिथपर्यंत सहज पोचतात. शिवाय स्वस्त यूपीएस शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, तिची ढोबळ नक्कल देतात, आणि पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या (एपीएफसी) काही एसएमपीएसना ती नक्कल मानवत नाही. पीसी घराच्या इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो, पंख्याला तो कळत नाही, पीसीला कळतो.

एकदा रीस्टार्टच्या वेळा कागदावर लिहून काढा. घरातला फ्रिज, मोटर, एसी सुरू होण्याशी त्या जुळतायत का? कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नीट नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि ते होईपर्यंत ओव्हरक्लॉकचा विषय बाजूला ठेवा. हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे, वेगाचा नाही.

वीज ठीक असेल आणि मशीन फक्त रिकामं असतानाच पडत असेल, तर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ शोधून ‘टिपिकल करंट आयडल’ करून बघा. जुन्या एसएमपीएसना रायझन अगदी कमी करंट घेऊ लागला की जमत नाही. त्यासाठीच ही सोय आहे.

उष्णता, आणि कशाला हात लावू नये

कूलर खोलीच्या तापमानावर भर घालून काम करतो. पुण्यात जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत पूर्ण भारावर ७८ अंश दाखवणारं मशीन मे महिन्यात नागपूरला ४० अंशांच्या खोलीत ९३ च्या आसपास जाईल, आणि ५६००एक्सची मर्यादा ९५ आहे. तिथे तो स्वतःच वेग कमी करतो, जळत नाही. पण हिवाळ्यात बसवलेली सेटिंग उन्हाळ्यात पुन्हा तपासावीच लागते. उलटही घडतं: थंडीत कोअर जरा जास्त उंच बूस्ट करतात आणि हलक्या कामातले रीस्टार्ट पहाटे सुरू होतात. सोबत येणाऱ्या व्रेथ स्टेल्थ कूलरवरच भागवायचं असेल तर वॉटची मर्यादा ७६ वरच ठेवा, ‘मदरबोर्ड लिमिट्स’ निवडू नका. कर्व्हचा फायदा तरीही मिळतो. चार-पाच वर्षं जुन्या मशीनची थर्मल पेस्ट मात्र आधी बदला.

सगळ्या कोअरना एकच वेग आणि एकच व्होल्टेज ठोकून देण्याची जुनी पद्धत नवख्यांनी वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.४ वरून ४.६ वर जायला १.२५ चं १.३५ व्होल्ट करावं लागलं, तर वेग साडेचार टक्के वाढतो आणि उष्णता सुमारे २२ टक्के. शिवाय एका कोअरचा बूस्ट जातो, म्हणजे रोजची कामं मंदावतात. १९९८ मध्ये इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए बसचा (प्रोसेसरला बोर्डाशी जोडणाऱ्या मार्गाचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ करून थेट ४५० वर चालायचा, तेव्हा या खटाटोपाला दीडपट फळ होतं. आता चिप कारखान्यातूनच टोकाजवळ येतात.

‘ऑटो ओव्हरक्लॉक’, ‘गेम बूस्ट’ अशी बोर्डाची बटणं दाबू नका. स्थिर राहण्यासाठी ती बिनदिक्कत जास्त व्होल्टेज देतात. रिकाम्या मशीनवर क्षणभर १.४ च्या वर व्होल्टेज दिसलं तर घाबरू नका, एका कोअरच्या बूस्टला ते नेहमीचंच आहे. तोच आकडा पूर्ण भारावर कायम दिसला तर लगेच थांबा. आणि पीबीओ किंवा कर्व्हमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाही असं एएमडीने लिहूनच ठेवलंय. ते पत्करायचं की नाही ते आधी ठरवा.

बोर्ड आणि प्रोसेसर ओव्हरक्लॉकला मुळात चालतात का हेही एकदा बघून घ्या. ए३२० आणि ए५२० बोर्डांवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. इंटेलमध्ये नावामागे ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड लागतो; बी६६० किंवा बी७६० वर रॅमचा वेग वाढतो, प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक नाही. तेराव्या-चौदाव्या पिढीचे आय७ आणि आय९ असतील आणि डिफॉल्टवरही गेम पडत असतील तर काहीही करण्यापूर्वी बायोस अपडेट करा. वाढीव व्होल्टेजमुळे त्या चिप हळूहळू अस्थिर होत होत्या. इंटेलने २०२४ च्या ऑगस्टपासून त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे अपडेट) दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच बिघडलेली चिप अपडेटने सुधारत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. रायझन ७००० वाल्यांनीही जुन्या बायोसवर राहू नये. २०२३ मध्ये चिप जळाल्याचे प्रकार झाल्यावर एसओसी व्होल्टेजला (मेमरी कंट्रोलर वगैरे भागांच्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा बायोसमधूनच घातली गेली.

सेटिंग बदलल्यावर स्क्रीनच आली नाही, तर बहुतेक बोर्ड दोन-तीन प्रयत्नांनंतर स्वतःच मूळ सेटिंगवर येतात. मिनिटभर थांबा, बटण सारखं दाबत राहू नका. तरी आलीच नाही तर एसएमपीएसचं मागचं बटण बंद करून वायर काढा, बोर्डावरचा नाण्यासारखा सेल पाचेक मिनिटं काढून ठेवा किंवा क्लिअर सीमॉसच्या दोन पिना मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे जोडा.

प्रत्येक चांगल्या टप्प्यावर बायोसमध्ये प्रोफाइल सेव्ह करा, आणि शिवाय कर्व्हच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढा. बायोस अपडेट केला की सेव्ह केलेली प्रोफाइलं बहुतेक बोर्डांवर पुसली जातात, आणि नव्या बायोसवर जुने आकडे जसेच्या तसे चालतील याची खात्री नसते. आकडे भरा, पण कोअरसायकलरची एक रात्र पुन्हा द्या.